एका चकरेत मावेल एवढा इतिहास

प्रिय वहिनी,

आज सकाळी लांब उडी मारणारी सुनंदा तिच्या आईला घेऊन माझ्याकडे चामोर्शीला आली. सरावापायी हजेरी भरेना, म्हणून शाळेनं पोरीचं नाव काढलं. "घरीच शिकवतो म्हणतो, बाई. पन आधी कोणतं पुस्तक घ्याव?" आईनं विचारलं. तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी असे प्रश्न मी मनातल्या मनात तुझ्याकडेच नेते. म्हणून लिहायला बसले.

पोंभुर्ण्याला माझंही असंच झालं होतं, आठवतं? दादा म्हणाला, धावणं तरी कर, नाहीतर शाळा तरी. बाबा तर सोयरीक पाहायला लागले होते. तू चुलीपुढून उठलीस. "काऊन? दोन्ही करन पोरगी. अभ्यास मी घेतो तिचा." स्वतः नववीत शाळा सुटलेली आणि केवढा हा तोरा!

दादानं चंद्रपूरहून जाडजूड गाईड आणलं. तू ते चाळून धानाच्या कोठीवर ठेवून दिलंस. "हे घोकाले बसली तं धावन कवा?" मग अभ्यासक्रम तूच ठरवलास. मी धानाच्या बांधीभोवती धावायची, तू मोहाच्या झाडाखाली पुस्तक धरून बसायचीस. जवळून गेले की एक प्रश्न, उत्तर पुढच्या चकरेला. चुकलं की आणखी एक चक्कर. एका चकरेत मावेल एवढाच इतिहास, तेवढाच भूगोल. माझ्या सनावळ्या इतक्या कच्च्या, की दम वाढला तो त्यांच्यामुळेच!

आणि खरं सांग, बरोबर उत्तरंही तू चूक ठरवायचीस ना? शर्यत जवळ आली की मी फारच चुकायची.

बीजगणित मात्र पाय शेकताना. ते तुलाही येत नव्हतं. भांडी घासायच्या आधी तू राखेत बोटानं समीकरण मांडायचीस, आणि जमलं की हाक यायची, "ये वं शकू, सुटलं!"

नागपूरच्या शर्यतीत मी दुसरी आले आणि त्याच वर्षी दहावीही पास झाले. आज खेळांची शिक्षिका म्हणून मान आहे. वहिनी, हे सगळं तुझं देणं आहे.

पण एक राग आहेच. सारा अभ्यास तू माझ्याबरोबर केलास. बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरताना मी म्हटलं होतं, "वहिनी, तू पन भर ना." तू हसलीस. "मी पेपरले बसली तं भात कोण रांधन?" एवढ्यावर अडलं? दादानं रांधला असता की! करपला असता, तर करपका खाल्ला असता आम्ही.

सुनंदाची आई आठवीपर्यंत शिकलेली आहे. बोलता बोलता तिनं पुस्तक उघडलं आणि पोरीला सोडून स्वतःच वाचत बसली. मला तू दिसलीस गं.

म्हणून तुला शब्द देते. यंदा फॉर्म दोन आणीन, एक सुनंदाचा आणि एक तिच्या आईचा. आणि तिनंही भाताचं नाव काढलं, तर तिच्या नवऱ्याला भात रांधायला मी स्वतः शिकवीन.

तुझी नणंद,
शकू