कढीपत्त्याच्या कुंडीतला मासा

चारकोप, मार्च १९८६, रविवार

सकाळी आईवर ओरडले. आठवड्यापूर्वी काचेच्या टाकीत मेलेला माझा दक्षिण अमेरिकेतला चिलखती मासा तिनं परस्पर कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलेला, गावाकडे माडाला खत म्हणून घालतात तसा! उकरला तर मांस गेलेलं, चिलखत मात्र शाबूत. कडेच्या हाडाच्या पट्ट्या भिंगातून चार वेळा मोजल्या. एकोणीस. कॉलेजातून आणलेल्या एकाही पुस्तकात एकोणीसवाला नाही. म्हणजे नवी जात? आमच्या कुंडीत?

“नाव काय ह्याचं?” आईनं विचारलं.

“अजून कुणी ठेवलंच नाही.”

“अगो बाय! बारशाआधीच पुरला मी त्याला?”

मग तिनं भिंग घेतलं, सुईच्या टोकानं एकेक पट्टी मोजली आणि देवळात बोलावं तसं हळू म्हणाली, “एकोणीस.”