पायाळूची कंबर

३ नोव्हें.
पाण्याचा जार घेऊन चौथ्या माळ्यावर चढलेलो. खाली ठेवताना कंबरेत कट्‌कन. तसाच वाकलेला. जार मागवलेल्या काकी, "अरे, निघ की आता!" निघता आलं असतं तर.
आई म्हणते, उसण भरलीय. हसत पण होती. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या अख्ख्या चाळीची उसण मी काढतो. पायाळू ना, पायांकडून जन्मलेला. लोक पालथे पडतात, मी उजवा पाय कंबरेला लावतो, बरे होतात. मला कोण लावणार?

५ नोव्हें.
कोपर स्टेशनजवळ आईच्या ओळखीतले एक पायाळू मामा. पाय लावला कसला, लाथच घातली. "गेली बघ उसण!" गेली नाही. कळ ढुंगणातून पोटरीत उतरली, करंट लागल्यासारखी. येताना खाडीवर बगळे बघत किती वेळ उभा. बसवतच नव्हतं, ते पण आहे.

९ नोव्हें.
उजव्या पायाचा अंगठा बधिर. आईला बोललो नाही.

१२ नोव्हें.
डोंबिवलीचे हाडांचे डॉक्टर. झोपवून पाय सरळ वर उचलला, बोंबललो. मग अंगठे वर करायला लावले, वरून स्वतः दाबत. डावा टिकला. उजवा पडला.
"कंबरेवर कोणी पाय वगैरे दिला का?"
"नाही."
का बोललो असं? मामा अडकतील म्हणून? की मग माझ्या पायाचं काय, म्हणून...

१५ नोव्हें.
एमआरआय. आत नुसती ठकठक, मांडवाचे बांबू ठोकल्यासारखी. मांडवाचं काम चांगलं होतं, का सोडलं आठवत नाही.
मणक्यांमधल्या दोन चकत्या सुकल्यात. एक बाहेर येऊन नस दाबतेय. म्हटलं, या वयात? डॉ. म्हणाले, "सुकतात बऱ्याच जणांच्या, दुखत पण नाहीत. तुमची नस दबलीय, तो प्रश्न आहे." गोळ्या, फिजिओ, जार बंद. रोज सकाळी अंगठा उचलून बघायचा. आणखी ढिला पडला किंवा लघवी अडली तर थांबायचं नाही, लगेच यायचं. मग ऑपरेशन.
लघवी?! संध्याकाळपासून उगाच जाऊन येतोय. होतेय.

२१ नोव्हें.
कळ कमी. फिजिओच्या मॅडम खूश. अंगठा उठतो. कालच्याएवढा? भिंतीवर पेन्सिलने खूण केलीय. खुणेखालीच राहतोय बहुतेक. पेन्सिल जाड आहे.

२४ नोव्हें.
शेजारची आगरी आजी चटई घेऊनच दारात. "पोरा, कंबर धरलीय रं. लाव पाय."
म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत.
"पाय तुजा का डाक्टरचा?" पडली पालथी.
भिंत धरून पाय नुसता टेकवला. टेकला की नाही, कळेना. "आजी, लागला का?"
"कवाचा! काढ आता, जड झालाय."
हाताने धरून उचलला. आजी बरं वाटलं म्हणत गेली.
चप्पल घालतोय, पायात राहत नाहीये. आईला सगळं सांगितलं, कोपरच्या लाथेचं पण. ती रिक्षा बघायला गेलीय, येईपर्यंत लिहितोय. दवाखाना उघडा असेल ना? खाली हॉर्न वाजतोय. आमचीच असेल.