आधी डोळा, मग पक्षी

प्रिय वहिनी,

हा शब्द लिहून मी थोडा वेळ थांबले, आणि मग तसाच ठेवला. दादाचं म्हणणं असं, की मी आता तुला वहिनी म्हणू नये. सह्या झाल्या, नातं संपलं, मग वहिनी कुठली? मी चौथीत असताना तो मला भागाकार समजावायचा ना, अगदी त्याच आवाजात त्यानं मला हे फोनवर समजावलं. मग म्हणू काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, 'ती' म्हण. बत्तीस वर्षं ज्या बाईनं माझ्या वेण्या घालण्यापासून माझ्या बाळंतपणापर्यंत सगळं केलं, ती एकदम 'ती'? माजी अध्यक्ष असतात, माजी विद्यार्थी असतात, आमच्या कॉन्व्हेंटच्या माजी विद्यार्थिनींचा तर दर वर्षी मेळावा भरतो, पण माजी वहिनी मी अजून पाहिलेली नाही. त्याची बायको तू होतीस, आता नाहीस, ठीक आहे, ते तुमचं तुम्ही मिटवलंत. माझी वहिनी मात्र तू आहेस. ते ठरवणं माझ्याकडे आहे आणि त्यात वकिलाचं काही काम नाही.

तुला सांगायची पहिली बातमी म्हणजे यंदा मी चॉकलेटं केली. एकटीनं. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळे जमतात तेव्हा घरटी एक खोका द्यायचा, हा आपला सव्वीस वर्षांचा नेम गेल्या वर्षी मोडला. तू गेलेली होतीस. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, आणि गुडघा बिचारा खरंच दुखत होता म्हणून फार खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. यंदा मात्र मोठ्या काकूंनी ऑक्टोबरातच बजावलं की खोके हवेत, मुलं विचारतात. मी बरं म्हटलं आणि माळ्यावरून साचे काढले.

त्यात तुझे ते तीन पत्र्याचे जुने साचेही निघाले. आठवतंय, लग्नानंतर तुझी ट्रंक उघडली आणि कपड्यांच्या खालून हे निघाले, तेव्हा आईनं विचारलं होतं, हे साबणाचे का? तू मान खाली घालून सांगितलंस की वडील चॉकलेटच्या कारखान्यात साचे धुवायला होते, टाकून द्यायचे ते त्यांनी मागून आणले. संध्याकाळी आई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं 'साचे धुवायला' हे दोन शब्द म्हणाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला तुझं फार अप्रूप होतं. आमच्या सिस्टरांनी मला शून्य नंबरचा ब्रश धरायला शिकवलं होतं, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर गुलाब काढायला शिकवलं होतं, पण त्या गुलाबांचं पुढे काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते तुला माहीत होतं. काही वर्षांनी एक दिवस तू साचा आणि खायचे रंग माझ्यापुढे ठेवलेस आणि म्हणालीस, यात रंगव.

पहिला पक्षी मी कसा बिघडवला होता! कागदावर काढतात तसा आधी निळा पक्षी रंगवला, वाळल्यावर त्याच्यावर ऐटीत काळा डोळा टेकवला. चॉकलेट साच्यातून निघालं तर पक्षी आंधळा. डोळा आत, निळ्या रंगाच्या पाठीमागे. तू हसता हसता खाली बसलीस. मग समजावलंस, की साच्यात सगळं उलटं असतं. जे आधी लावशील ते वर दिसणार, जे शेवटी लावशील ते मागे जाणार. म्हणून आधी डोळा, मग चोच, मग पिसांच्या रेघा आणि सगळ्यात शेवटी अंग. डोळा हवेत एकटाच ठेवायचा आणि पक्षी नंतर येईल असा भरवसा धरायचा.

रंगवणं मी शिकले, पण तुझं काम मला सव्वीस वर्षांत एकदाही करावं लागलं नाही, आणि ते किती आहे हे मला यंदा कळलं. पहिला घाणा पूर्ण वाया गेला. भांड्याच्या कडेचा पाण्याचा एक थेंब आत पडला आणि सगळं चॉकलेट क्षणात मातीसारखं घट्ट झालं. दुसऱ्या वेळी ते साच्यातून सुटेचना. आपटून आपटून काढलं तर पक्ष्यांची डोकी साच्यात आणि धडं माझ्या हातात. तिसऱ्या वेळी निघालं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पांढरी बुरशीसारखी झाक आली. बुरशी नव्हे, वितळवून गार करण्यात चूक झाली की तसं होतं, हे मला पुस्तकातून वाचावं लागलं. आमचे हे सगळी धडं आणि डोकी निमूटपणे खात होते. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, पण वाया घालवणं यांच्या तत्त्वात बसत नाही. चौथ्या वेळी म्हणाले, आता जमवू नकोस, माझी सवय मोडेल.

मी थर्मामीटर आणला होता. पंचेचाळीसपर्यंत तापवा, सत्तावीसपर्यंत उतरवा, परत एकतीसवर आणा, असं सगळं त्या पुस्तकाप्रमाणे केलं. तू काय करायचीस? चमच्याचं टोक खालच्या ओठाला लावायचीस, डोळे मिटायचीस आणि म्हणायचीस, झालं, किंवा अजून नाही. दर वेळी बरोबर. शेवटी मी थर्मामीटर बाजूला ठेवला आणि चमचा ओठाला लावला. ओठाला जरासं गार लागलं, अगदी जरासं, आणि मी तुझ्यासारखंच म्हणाले, झालं. झालं होतं गं. दुसऱ्या दिवशी साचा उलटा केला तर एकेक पक्षी टपटप टेबलावर पडला, आरशासारखा चकचकीत. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी होते आणि मला तुझा इतका राग आला की तू ते पाहायला नाहीस.

मग बसल्या बसल्या एक एक आठवायला लागलं. दादा खोके वाटायचा तेव्हा काय म्हणायचा? आमच्या बहिणीची कला बघा. सगळे बघायचे. पंख बघ, डोळा बघ, हात कसला आहे हिचा. आणि तू त्यांच्या मागे सरबताचा ट्रे घेऊन उभी असायचीस. एकदा कुणीतरी विचारलंही होतं, की वहिनी काय करतात यात? दादा म्हणाला, ही भांडी घासते, तिच्या घराण्यातच आहे. सगळे हसले. तूही हसलीस. मीही हसले, वहिनी. तो असाच होता, हे मी माझं मला सांगत आले. मारत नाही, ओरडत नाही, जरा थट्टेखोर आहे. बत्तीस वर्षं रोज जेवताना एक थट्टा म्हणजे किती होतात, हे मी भागाकार शिकूनही कधी मोजलं नाही. बेकरीवाल्यानं तुला कामाला बोलावलं होतं, त्या दिवशी 'बेकरीणबाई' म्हणून त्यानं तुला आठवडाभर हाक मारली आणि तू गेली नाहीस. मला वाटलं, तुझं मनच नव्हतं.

पक्ष्यांनी सगळे खोके भरले आणि एक साचा उरला, म्हणून त्यात मी नाव लिहायचं ठरवलं. 'वहिनी' असं शिरोरेघ देऊन, सिस्टरांनी घटवलेल्या अक्षरात, छान सोनेरी रंगात लिहिलं. काढून पाहिलं तर अक्षरं उलटी. यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, ही कुठली लिपी? इतक्या वर्षांनी परत तीच चूक. मग मला शाळेतले टीपकागद आठवले. आम्ही वहीत चिठ्ठ्या लिहून त्यावर टीपकागद दाबायचो आणि सिस्टर तो आरशासमोर धरून सगळं वाचून काढायच्या. मी पातळ कागदावर 'वहिनी' लिहिलं, कागद उलटा करून पारदर्शक साच्याखाली ठेवला आणि त्यावरून गिरवलं. या वेळी बरोबर उमटलं. या पत्राबरोबर ते पाठवत नाही, वाटेत वितळेल.

काकूंनी यादी पाठवली त्यात तुझ्या नावावर रेघ होती. नुसतं गाळलं नव्हतं; लिहून वर रेघ मारली होती, मला दिसावी म्हणून. मी त्यांना फोन करून सांगितलं की यादीत एक चूक आहे, ती मी दुरुस्त केली आहे. त्या म्हणाल्या, घराण्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, चॉकलेटाचा प्रश्न आहे, आणि ते मी करते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. ते आधी लिहायला हवं होतं, पण मला धीर झाला नाही. दोन वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीत सगळ्यांना बसवून तू म्हणालीस की तुला वेगळं राहायचं आहे. दादानं विचारलं, असं काय झालंय तुला या घरात? तू माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालीस, हिला विचारा, ही सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसते. सगळे माझ्याकडे वळले. आणि मी म्हणाले, "मला काय माहीत? मी आपली रंगवते." त्याच आठवड्यात तू गेलीस. मला सगळं माहीत होतं, वहिनी. हे मी आता दादाला सांगितलं आहे, काकूंनाही सांगितलं आहे, आणि रविवारी सगळे जमतील तेव्हा खोके वाटायच्या आधी उभी राहून सांगणार आहे, की यात डोळे आणि पंख माझे, बाकी सगळं तिच्याकडून शिकलेलं. तू माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण ते सांगताना तू समोर असावीस. कामाला बोलावते आहे असं समजू नकोस, काम झालं आहे. हात हलवत ये आणि खुर्चीवर बस. दादाला मी हे कळवलं तेव्हा तो म्हणाला, ती येणार असेल तर मी येणार नाही. मी म्हटलं, "मग तुझा खोका पोस्टानं पाठवते." चारच्या बसनं ये. मी थांब्यावर उभी असेन. मागच्या गल्लीनं जवळ पडतं, पण आपण मोठ्या रस्त्यानं चालत येऊ, औषधाच्या दुकानावरून, जिथे दादा त्याच्या मित्रांबरोबर बाकावर बसतो. गुडघ्यामुळे मी सावकाश चालते, त्यामुळे सगळ्यांना नीट दिसेल.

तुझीच, आणि हेही मीच ठरवलेलं,
धाकटी नणंद