साडेबाराचं मैदान

३ मार्च, मंगळवार
दादाचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. डाव्या कानाच्या वरच्या कडेवर जी न भरणारी जखम होती, तीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाळीस वर्षांचं ऊन आहे हे. लवकर आला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं, आता कानाचा वरचा भाग काढावा लागेल.
बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आता चष्मा कुठे अडकवायचा?" मला हसू आलं नाही.

४ मार्च, बुधवार
साडेबाराला सातवीचा तास, मैदानावर. सावली भिंतीलगत वीतभर. शिट्टी वाजवायला हात उचलेना.

६ मार्च, शुक्रवार
मोठ्या बाईंना भेटले. तीनच गोष्टी मागितल्या — खेळाचा तास सकाळी पहिला घ्या, प्रार्थना व्हरांड्यात घ्या, मुलांना टोपी घालू द्या. नुसती चोचीची नाही, घेराची. कान झाकले पाहिजेत.
बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या की गणवेशात टोपी नाही आणि पहिला तास गणिताचा. मग चष्मा काढून, "उन्हाने काय होतं हो? तुम्ही-आम्ही नाही वाढलो?"
दादाचं नाव ओठांवर आलं होतं. गिळलं. त्याने बजावलंय, शाळेत कुणाला कळता कामा नये. गेल्या वर्षीच तर निवृत्त झाला, याच शाळेतून. त्याच्या हाताखालीच मी खेळ शिकवायला शिकले.

९ मार्च, सोमवार
ऑपरेशन झालं. कानाचा वरचा तुकडा काढला.

१२ मार्च, गुरुवार
आज माझ्याच जबाबदारीवर सातवीला व्हरांड्यात बसवलं. उन्हाबद्दल बोलले — न भरणारी जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, दिसला की घरी सांगायचं. मुलं चुळबुळत होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, बाईंना पळवायचा कंटाळा आलाय!
संध्याकाळी एका पालकांचा फोन मोठ्या बाईंना. खेळाच्या तासाला मुलं बसून का? मला लेखी खुलासा द्यायचाय.

१६ मार्च, सोमवार
दादाशी भांडले. पट्टी बांधलेल्या माणसाशी! म्हटलं, तू शाळेत ये. माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील.
"तुटका कान दाखवून पोरांना घाबरवू?"
मी म्हटलं, घाबरू देत.
त्याने कानावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "बूट विसरला, उन्हात उभा राहा. उशीर झाला, उन्हात उभा राहा. अख्खी नोकरी मी हेच केलं गं. आता कोणत्या तोंडाने सांगू?"
वहिनी चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थांबली. मीही तेच करत आलेय.

१८ मार्च, बुधवार
मानेत गाठ लागली. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपत होत्या. आणखी एक ऑपरेशन. त्यानंतर किरणांचे उपचार. दादा वहिनीला धीर देत होता.

१९ मार्च, गुरुवार
मोठ्या बाई दादाच्या घरी येऊन गेल्या. वहिनीनेच न राहवून फोन केला असणार. दहा मिनिटं बसल्या. कानाकडे एकदाही पाहिलं नाही म्हणे. कधी नव्हे ते दादाचा हात हातात घेतला.

२० मार्च, शुक्रवार
माझ्या टेबलावर नवं वेळापत्रक. खेळ पहिल्या तासाला. खाली बाईंच्या अक्षरात — टोपी चालेल, रंग एकच असावा. खुलाशाचं कुणी काढलं नाही. आनंद व्हायला हवा. होत नाही.

२४ मार्च, मंगळवार
दादा आला! ऑपरेशन सोमवारी आहे, त्याआधी उरकून टाकतो म्हणाला. सातवी, आठवी, नववी — सगळी व्हरांड्यात. त्याने स्वतःच पट्टी सोडली. "मी तुम्हाला उन्हात उभं करायचो, ते चुकलं माझं," एवढं सरळ बोलला. मग टोपी घालून दाखवली, कान झाकून. शेवटी मुलांनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली.
जाताना नववीची मुलं त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. सगळी सावलीसावलीने.

२५ मार्च, बुधवार
काल एक लिहायचं टाळलं. एका मुलीने विचारलं होतं, "सर, सुरुवातीला कुणाला दाखवलं नाहीत का तुम्ही?"
दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही गं. कुणालाच नाही."
मला दाखवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, शर्यतींच्या दिवशी, मैदानावरच. मी वेळा टिपत होते. मान वर न करताच म्हटलं — खरचटलं असेल, खाजवू नकोस.