विहिरीच्या गाण्याची शेवटची ओळ

आप्पा,

घमेल्याच्या पालथ्या बुडावर तुमची लोखंडी अंगठी वाजायची, तो आवाज आज सकाळी पुन्हा कानात आला. ठण् ठण्, मग जराशी उसंत, मग पुन्हा एक ठण्. खाली गल्लीत कुणी भांडी घासत असेल, दुसरं काय. पण माझा हात चहाच्या कपावरच थांबला आणि मी सोलापुरातल्या या दोन खोल्यांतून उठून थेट आपल्या वळसंगच्या मळ्यात जाऊन उभा राहिलो. उन्हाळा आहे. विहीर तळाला गेली आहे. वस्तीतल्या प्रत्येक घरचं एकेक माणूस गाळ काढायला आलंय आणि तुम्ही काठावर, चिंचेच्या सावलीत, पालथं घमेलं पुढ्यात घेऊन उकिडवे बसला आहात. खालून गाळ हातोहात वर येतो, काठाला टेकतो, आणि तुम्ही एकेका घराचं नाव गाण्यात ओवता. जे आले त्यांचं कौतुक, जे आले नाहीत त्यांची फिरकी. ‘कोपऱ्यावरलं घर कामाला न्हाय, घागरी मातर आल्या तीन!’ सगळी रांग हसते, आणि वस्तीतली ती नवी सून, जिला मी वहिनी म्हणायचो, ती खणखणीत आवाजात झील धरते: नीरु बंतु, पाणी आलं, नीरु बंतु, पाणी आलं. अर्धी कानडी, अर्धी मराठी. आपल्या घरी बोलायचो तशीच.

त्या गाण्याची एक रीत होती. विहीर ज्याच्या जमिनीत, त्यानं शेवटची ओळ एकट्यानं म्हणायची. तिला झील नाही. वस्तीभर सगळ्यांना नावं ठेवून झाली की आपल्या घरची त्या सालची चूक आपल्या तोंडानं सांगायची, आणि ती काय असेल ते आधी कुणाला कळू द्यायचं नाही. ती ओळ झाल्याशिवाय पहिली घागर विहिरीत सुटायची नाही. मी सातवीत असताना तुम्ही गायला होता, ‘बैल उपाशी ठेवून मी जत्रेला गेलो.’ मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. माझ्या क्रमिक पुस्तकातल्या कवितांत झरे होते, चांदणं होतं, पाखरं होती. उपाशी बैल कुठल्याच कवितेत नव्हता. मी कविता तोंडपाठ करत चिंचेच्या फांदीवर बसायचो आणि खाली तुमचं ठण् ठण् चालू असलं की कानात बोटं घालायचो.

मास्तरकी लागली त्या दिवशी तुम्ही सोलापूरच्या बाजारातून हिरवं फाउंटन पेन आणलंत. कागदाच्या पुडीतून काढून माझ्या हातावर ठेवलंत आणि नेहमीच्या लाडक्या कानडी हाकेनं म्हणालात, “तम्मा, हेच्यानं चांगलं तेवडंच लिव.” त्या पेनानं मी काय लिहिलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी ताईच्या बाळंतपणासाठी तुम्ही महिनाभर टेंभुर्णीला गेला होता. मला मळ्यात एक खोली हवी होती. टेबल, खिडकी आणि कविता लिहायला निवांतपणा, एवढंच माझं स्वप्न. कुंभारीच्या अलीकडच्या वीटभट्टीवाल्याला लाकूड पाहिजे होतं. मी त्याला चिठ्ठी लिहिली, चिंच न्या आणि विटा द्या. सातबारा आपला, विहीर आपली, झाडही आपलंच, असं मी मनाशी म्हणालो. तीन दिवस कुऱ्हाडी चालल्या. मी सोलापुरात शाळेत मुलांना वृक्षांवरची कविता शिकवत होतो, म्हणून तो आवाज मला ऐकावा लागला नाही.

तुम्ही टेंभुर्णीहून आलात तेव्हा दुपारची वेळ होती. मी नव्या खोलीच्या दारात उभा होतो. तुम्ही पिशवी खाली न ठेवताच विहिरीपाशी गेलात आणि उन्हात उभे राहिलात. मला वाटलं, आता ओरडणार. तुम्ही एवढंच विचारलंत, “गाळ काडताना मानसं आता कुटं बसायची रे?” मी म्हणालो, “दुसरं झाड लावू की, आप्पा.” तुम्ही बुंध्याकडं बघत म्हणालात, “लाव की.” त्यापुढं त्या विषयावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खोलीच्या खिडकीतून पूर्वी चिंच होती तिथली मोकळी जागा दिसायची. त्या टेबलाशी बसून मी ‘वृक्षा, तू धरेचा श्वास’ अशी कविता लिहिली. हसू नका.

आणि मग रेडिओवाले आले. ते साहेब दूरच्या केंद्रावरून आले होते. बुशशर्टातला, भरभर बोलणारा, मनानं सरळ माणूस. सोलापुरातून थेट गाण्यांचा कार्यक्रम करायचा होता, झाडं, पाणी आणि एकोपा या विषयांवर. आधी ध्वनिमुद्रण नाही, काटछाट नाही. आमच्या शाळेच्या पटांगणात माइक लागणार आणि टेलिफोनच्या तारेवरून आवाज केंद्रावर जाऊन तिथून घरोघरी पोचणार. गावोगावची गाणी जमवायची आणि मधलं निवेदन करायचं काम कविता करणारा मास्तर म्हणून माझ्याकडं आलं. मी हवेत होतो. साहेबांना मीच वळसंगला आणलं. तुम्ही घमेलं पालथं घातलंत, वहिनीनं झील धरली, आणि साहेब मांडीवर ताल धरून म्हणाले, “शेवट हाच! बाकीचे आधी, हे गाणं सगळ्यात शेवटी.” तुम्ही त्यांना अडवलंत. “सायेब, एक हाय. शेवटाला घरची ओळ येती. ती आदी सांगता येत न्हाय.” साहेब खूश झाले. “अहो, तीच तर थेट कार्यक्रमाची गंमत!” तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. वहिनीनं बघितलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला झोप लागली नाही. त्या सालची आपल्या घरची चूक कोणती, हे वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. आणि ती आता सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाणार होती. माझे मुख्याध्यापक ऐकणार. शाळेच्या कुंपणालगत ज्यांच्याकडून मी कडुनिंबाची रोपं लावून घेतली होती ती मुलं ऐकणार. निवेदक म्हणतो झाडं जगवा आणि त्याचा बाप म्हणतो माझ्या पोरानं चिंच तोडून खोली बांधली. मी ते चित्र इतक्या वेळा डोळ्यांपुढं आणलं की ते घडून गेल्यासारखंच वाटायला लागलं.

रविवारची सकाळ होती. तुम्ही आणि वहिनी पहिल्या एसटीनं आलात. तुम्ही धुतलेलं धोतर नेसला होता आणि घमेलं चिंचेनं घासून लख्ख करून टॉवेलात बांधून आणलं होतं. वहिनी मला बघून म्हणाली, “मास्तर, कंडक्टर म्हनला घमेल्याचं बी तिकीट काडा. मी म्हनलं, आज त्ये रेडिओत गानार हाय, उद्या तूच त्येला हार घालशील!” तुम्ही हसलात. मी हसलो नाही. मी आधीच साहेबांना सांगून बसलो होतो की वडिलांचा घसा बसलाय, अंगात तापही आहे, त्यांना गाता येणार नाही. साहेब हळहळले. मग मी तुमच्याकडं आलो आणि म्हणालो, “आप्पा, वेळ कमी पडतोय. साहेबांनी आपलं गाणं काढलं.” तुम्ही घमेल्याच्या टॉवेलाची गाठ सोडत होता. ती पुन्हा बांधलीत. “आसू दे की. सायबाला बी अडचन आसती,” म्हणालात, आणि पटांगणाच्या कडेला मुलांच्या बाकावर जाऊन बसलात.

कार्यक्रम सुरू झाला. विणकरांच्या घरच्या बायकांनी तेलुगूत पाण्याचं गाणं म्हटलं. एका म्हाताऱ्या चाचांनी दखनीत झाडांसाठी दुवा मागितली. मी मधेमधे माझी वाक्यं पेरत होतो, गुळगुळीत, घोटून घेतलेली. कर्ण्यातून माझा आवाज मलाच गोड वाटत होता. आणि शेवटचं गाणं संपलं तेव्हा साहेब घड्याळाकडं बघून एकदम पांढरे पडले. तुमचं गाणं काढल्यामुळं चार मिनिटं उरली होती. थेट कार्यक्रमात चार मिनिटं गप्प राहता येत नाही. साहेबांनी चार बोटं दाखवून मला खूण केली, बोल, काहीही बोल. आप्पा, तुम्ही दहा पावलांवर बसला होता. मांडीवर घमेलं होतं. मी तेव्हाही तुम्हाला हाक मारू शकलो असतो. मी खिशातून कागद काढला आणि ‘वृक्षा, तू धरेचा श्वास’ वाचली. सगळीच्या सगळी. टाळ्या पडल्या. कडेच्या बाकावर वहिनीचे हात मांडीवर होते. तुम्ही मात्र टाळ्या वाजवत होता.

साहेब गर्दीत तुमच्यापर्यंत पोचायच्या आत मी तुम्हाला फाटकाबाहेर काढलं. तिथं वहिनी माझ्यासमोर आली आणि तिनं विचारलं, “येळ न्हवता म्हनला की, मास्तर?” तुम्ही तिला आधी कानडीत, मग मराठीत थांबवलंत, “साकु. पुरे, बाई.” एवढंच.

एसटी स्टँडवर गाडीला अवकाश होता. वहिनी पाणी प्यायला गेली आणि बाकावर आपण दोघंच राहिलो. तुम्ही टॉवेल न सोडताच त्याच्यावरून अंगठीचा ठोका दिलात. आवाज आलाच नाही म्हटलं तरी चालेल, नुसतं थप् झालं. आणि मग तुम्ही समोर बघत, माझ्याकडं नाही, हलक्या आवाजात म्हणालात:

चिंच पडली माज्या दारी,
राखन माजी, चूक माजी.

बस. त्या ओळीत माझं नाव नव्हतं. पोर नव्हतं, खोली नव्हती, विटा नव्हत्या. मी ज्या ओळीला घाबरून दोन माणसांशी दोनदा खोटं बोललो, त्या ओळीत तुम्ही मला उभंच केलं नव्हतं. मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, “आप्पा, गाडी लागली.”

पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायला तुम्ही बसला नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात. वस्तीनं गाण्याशिवायच गाळ काढला. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मग बोअर आली, नळ आला, विहिरीत काटेरी झुडपं उगवली. दुसरं झाड मी लावलं नाही. लावणार होतो, दर पावसाळ्यात लावणार होतो. काही वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी जुनी गाणी टिपून घ्यायला माझ्याकडं आली, तेव्हा मी तिला म्हणालो, “आमच्या घरात कुणी गाणारं नव्हतं.” आणि माझ्याच दोन कविता तिला वाचून दाखवल्या. तिनं बिचारीनं चहा संपेपर्यंत ऐकून घेतल्या.

इथवर लिहिलं आणि दारावर थाप पडली. माझ्याकडं या वेळेला कुणी येत नाही. दुधाचा हिशेबही दूधवाल्याचं पोरगं खालीच करतं. दार उघडलं तर हातात काठी, पदर डोक्यावर, जिना चढून धापा टाकत एक म्हातारी उभी. मी ओळखलं नाही. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “लई वाळलासा की, मास्तर.” आवाज ऐकला आणि ओळखलं. इतक्या वर्षांनी, आप्पा. वहिनी.

ती आता आत खुर्चीवर बसली आहे, पाणी पितेय. सांगतेय की वस्तीतल्या पोरांनी विहिरीतली झुडपं काढली, परवा गाळ काढायला सगळी उतरणार, आणि हल्ली गावाकडं जे छोटं रेडिओ केंद्र चालतं त्याची पोरं तिथूनच थेट गाणं लावणार. झील ती धरणार आहे. घरांची नावं तिची नातसून घालणार आहे. मी म्हणालो, “छान आहे की.” ती म्हणाली, “छान कसलं? इहीर तुमच्या जमिनीतली. शेवटची ओळ कोन म्हननार?” मी म्हणालो, आप्पांची ओळ मला ठाऊक आहे, कागदावर लिहून देतो. तिनं काठी फरशीवर आपटली. “आप्पांची आप्पांसंगं गेली. तुमच्या घरची तुमी म्हना. आनि लिवून दिऊ नगा, माजा चष्मा घरी राह्यलाय.” मग खिडकीतल्या घमेल्याकडं बोट दाखवलं. तुमचंच आहे ते, मी त्यात कोरफड लावली आहे. “आनि ती कोरफड दुसरीकडं लावा.”

ती तिकडं वाट बघतेय, म्हणून हे पत्र अर्ध्यावरच घडी घालून ठेवतो. मी तिला आत्ता सांगून आलोय की मला ओळ सुचायला दोन दिवस लागतील. आप्पा, ते खरं नाही. माझी ओळ मला त्या एसटी स्टँडपासून येते.