पोपटाचं उत्तर नको

चिमे,

दादाचा आशीर्वाद. मी मजेत आहे, इस्त्रीचं काम बरं चाललंय.

तू पाठवलेला बिस्किटचोर पोपटाचा व्हिडिओ आम्ही लाँड्रीत सहा वेळा पाहिला. हसता हसता मुकादमाने स्वतःचाच शर्ट जाळला.

पण आईचा पाय कसा आहे विचारलं, की तुझा पोपट येतो. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर घसरगुंडीवरचं मांजर. काल तर एकदम नऊ व्हिडिओ! कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून हे पत्र. कागदावर तुला मांजर पाठवता येणार नाही.

तू वेळेवर जेवतेस ना?

आता एकच व्हिडिओ पाठव: आई खाटेवरून उठून दारापर्यंत चालत येतेय. हसू नाही आलं, तरी सहा वेळा पाहीन.

वाट बघणारा,
दादा