दादाच्या मागावर

१४ फेब्रुवारी १९७८, नागपूर
काल सातपुड्यातल्या तामियाहून परत. हात हलवत. टाचा फुटल्या, उजव्या बुटाचा तळ सुटला. आईनं दार उघडलं, आधी माझ्या मागं पाहिलं, मग माझ्याकडं. "नाही नं?" "नाही." पाणी आणून दिलं.

दादाला जाऊन तिसरं वर्ष सुरू आहे. नागपंचमीला कामठीच्या मंडळींबरोबर पचमढीकडं नागद्वारच्या यात्रेला गेला. उतरताना म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, येतोच मी. बाकी सगळे खाली आले. पोलिसांनी दऱ्या धुंडाळल्या. ना कपडा, ना चप्पल. तेव्हापासून सुटी मिळाली की मी सातपुड्यात. आईला वाटतं तो जिवंत आहे. आणि शालिनीवहिनी? कुंकू लावते, रामदासपेठेत दवाखान्याच्या ऑफिसात जाते, पगार आईच्या हातात देते.

ऑफिसात नकाशे काढत बसलो. दोनदा रेघ चुकली. खिडकीतून नुसती टाकी दिसते.

८ मार्च, पचमढी
शिवरात्र झाली. माझा मित्र वसंता सोबत होता. कामठीला त्याचे हातमाग आहेत, ते भावावर सोडून माझ्यामागं येतो बिचारा. चौरागडची चढण, खांद्यावर त्रिशूळ घेतलेली माणसंच माणसं. एकेक दाढीवाला न्याहाळत चढलो. वसंता वैतागला.
"तू देवाले नाही, लोकाइच्या तोंडाले पाहून राहिला गा!"
खरं आहे. देवाकडं पाहायचं राहूनच गेलं.

खाली नाल्याकाठी ताडपत्री ठोकली. वारा असा, की दोघांनी दोन टोकं धरून बसायचं. रोडगे भाजले, वांग्याची भाजी. अंधार पडताच झोपलो, गाढ. घरी अशी झोप येत नाही. दादा हरवला आहे आणि मला इथं बरं वाटतं. हे कुणाला सांगू?

२ एप्रिल, नागपूर
पारशिवनीचे लोक मला पाहायला आले. शेती आहे, मुलगी मॅट्रिक. सगळं जमत आलं, अन् मुलीच्या मामानं विचारलं, "थोरले बंधू काय करतात?"  मी म्हटलं, ते नसतात इथं. म्हणजे कुठं असतात? मग चहा, मग कळवतो. कळवणार नाहीत.

आई रडली. मला आतून हलकं वाटलं.

ते गेल्यावर वहिनी कप उचलता उचलता म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? राग नका येऊ देऊ. तुम्ही त्याइले शोधता, का तिकडं जायले कारण शोधता?"
 चप्पल घालून फुटाळा तलावापर्यंत चालत गेलो. 

२१ मे, तामिया
एकटाच आलो या खेपेला. वसंताच्या घरी लग्न. पातालकोटच्या काठावर मुक्काम. खाली पाहिलं की डोळे फिरतात. दरीच्या तळाशी घरं, धूर. झरे आटलेले, पाण्यासाठी लांब जावं लागतं.

बाजारात मोहफुलांची पिशवी घेऊन बसलेली एक म्हातारी. फोटो दाखवला. बराच वेळ पाहिला तिनं. "ये तो मास्टर जैसा दिखता है. नीचे रहता है, नागपूरवाला." दाढी आहे म्हणाली. बच्चों को पढ़ाता है.

 आणि तरी उतरलो नाही. रजा संपली होती, शेवटची बस उभी होती. कारणं सगळी खरी.  आजवर सापडला नव्हता, तेच

(पुढं लिहवलं नाही.)

११ जून, नागपूर
घरी काही सांगितलं नाही. नक्की नसताना काय सांगणार?

आज वहिनीच बोलली. मला मुद्दाम गच्चीवर बोलावलं. दवाखान्यातले हिशेब पाहणारे एक गृहस्थ आहेत, बायको वारली. त्यांनी विचारलंय. तिला मान्य आहे. वकील म्हणतो, नवऱ्याचा पत्ता नसेल तर सात वर्षं थांबा.

"मी थांबली असती भाऊजी. मेले असते तर थांबली असती. पण ते मेले नाहीत. मले माहीत आहे. परत यायचं नसल्यावानी चांगली चप्पल घरी ठेवून, जुनी घालून गेले होते."

मग म्हणाली, "सापडले तर मोकळं करा म्हणावं. घरी आणू नका."

आईला तो घरी हवा. हिला नको. आणि मला? खाली आलो तर आई तांदूळ निवडत होती. "काय म्हणते ती?" "काही नाही."

१२ ऑगस्ट, पातालकोट
वसंता नि मी नागपंचमीला नागद्वार केलं. पाऊस, चिखल, जळवा. मग वसंताला म्हटलं, चल, एका ठिकाणी जायचंय. तामियाहून सकाळीच उतरलो. वसंता दोनदा घसरला, शिव्या देत राहिला. वाटेत फोटो दाखवायची गरज पडली नाही. "मास्टर?" म्हटलं की लोक बोट दाखवत.

दादा कुटकीच्या, म्हणजे वरईसारख्या धान्याच्या, शेतात निंदत होता. गुडघ्यापर्यंत धोतर, दाढी पांढरी. मला पाहून पळाला नाही, हसलाही नाही. खुरपं खाली ठेवलं.
"आई कशी आहे?"
"आहे."
"तू बारीक झाला."

मला त्याला मारायचं होतं. तीन वर्षं मनात तेच घोळत होतं, सापडला की आधी एक थोबाडीत. बांधावर त्याच्याशेजारी बसलो अन् रडायलाच लागलो. वसंता उठून दूर गेला.

काहून गेलास, विचारलं. म्हणाला, "काही झालं नव्हतं गा. उतरून राहिलो होतो. वाटलं, खाली गेलं की पुन्हा तेच. म्हणून जरा बसलो. लोक पुढं गेले. मग उठवलंच नाही." एवढंच. दुसरी बाई नाही, बुवा नाही, भांडण नाही. यासाठी आम्ही...

वहिनीचं सांगितलं. माती चुरगाळत राहिला. "मेलो म्हणून सांग तिले."
"मेल्याचा पुरावा लागते दादा. नाही तर सात वर्षं."
हसला, मग तोंड फिरवलं. शेवटी म्हणाला, कुटकी निघाली की छिंदवाड्याला येतो. घटस्फोटाला लागतील तितक्या सह्या करतो. नागपूरला नाही. आईला आणू नको, म्हणाला. तिच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही.

१६ ऑगस्ट, नागपूर
दवाखान्यासमोर रस्त्यावरच वहिनीला सांगितलं. सायकली, रिक्षा, कोणी तरी धक्का मारून गेलं. ती हलली नाही. पहिला प्रश्न: "जेवण कोण करून देते त्याइले?"
"स्वतः करतो."
"इथं तर चहा नव्हता येत करता." आणि आत निघून गेली.

आईला मीच सांगायचं, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे.

३ सप्टेंबर
आज सांगितलं. सगळं. आई ओरडली नाही. उठून देवघरातला दिवा लावला, भर दुपारी. मग विचारलं, "माह्यावर राग आहे का त्याचा?" कोणावरच नाही, म्हटलं. "मग काहून गा?" तिला ते समजेना. मला समजतं, याचीच भीती वाटते.

ऑफिसात बसवत नाही. आता सुटी घ्यायला कारणही उरलं नाही. भिंतीवरच्या नकाशात सातपुड्याच्या रेषा बोटानं चाचपत होतो, साहेब मागं उभे.

२९ ऑक्टोबर, छोट्या रेल्वेगाडीत
गाडी हलते, अक्षर वाकडं येतंय. छिंदवाड्याला निघालो. निरोप पाठवला होता, उलट काहीच आलं नाही. येईल, न येईल.

वहिनी नि मी दोघंच जाणार होतो. पहाटे पाहतो तर आई नऊवारी नेसून ओसरीवर बसलेली. "मी पण येतो." दादानं नको म्हटलंय, सांगितलं. "त्यानं म्हटलं असन. मी नाही म्हटलं." वहिनीनं माझ्याकडं पाहिलं, मग आईची पिशवी उचलली.

रामाकोना सोडलं. घाट लागला, गाडी चालत्या माणसाएवढी मंदावली. दोन्ही बाजूंनी साग. माझा जीव खिडकीबाहेर. समोर दोघी लागून बसल्या आहेत.

आता आईनं वहिनीचा हात धरला.
"शालिनी, मले दूरचं दिसत नाही वं. टेसनावर तू ओळखशील नं त्याले?"
वहिनी बाहेर झाडांकडं पाहत होती.
"ओळखीन," म्हणाली.